नागपुरात घोड्यांच्या क्लबात शिकायचंय, मदत करायचीय? पहिल्या दिवसापासून सांगते

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा घोड्याच्या मानेवर हात ठेवला. घरात कुणी सैन्यात नाही, शेतावर घोडा नाही, ओळखीत कुणी स्वार नाही. नोकरी, घर आणि मुलाची शाळा सांभाळून आज चार वर्षं मी आठवड्यातून तीन पहाटा तबेल्यात असते. सुरुवातीला कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं. पैसे गेले, वेळ गेला, एकदा हातही सोलून निघाला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. घोडा हवा आहे की घोड्यावर बसणं, हे आधी ठरवा

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नुसती रपेट मारायची असेल तर फी भरा, तासभर बसा आणि घरी जा. त्यात वाईट काहीच नाही. पण स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर पहिले काही आठवडे लीद उचलणं, पाणी भरणं, खरारा करणं आणि रिंगणाबाहेर उभं राहून बघणं हेच काम असतं. माझ्या अनुभवाने सांगते, खरं शिक्षण तिथेच होतं. घोडा कान मागे कधी पाडतो, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट का फुगवतो, कोणत्या पायावर भार देत नाही, हे खोगिरावर बसून कळत नाही. खाली उभं राहिल्यावर दिसतं.

मराठेशाहीत स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. आपण क्लबात बारगीर म्हणून जातो. घोडा आपला नाही, त्याचा दिवस आपल्या सोयीने ठरत नाही. हे मान्य असेल तर पुढे वाचा.

२. क्लब शोधताना रिंगण नंतर, तबेला आधी बघा

घोड्यांना जागा लागते, म्हणून शोध शहराच्या कडेने घ्या: काटोल रोड, अमरावती रोड, हिंगणा, वर्धा रोड, कामठी. पहाटे साडेपाचला मेट्रो मिळत नाही, तेव्हा आपल्या दुचाकीने अर्ध्या तासात पोचता येईल असंच ठिकाण धरा. लांबचा क्लब कितीही चांगला असला तरी दुसऱ्या महिन्यात दांड्या सुरू होतात.

फोन करून वेळ घ्या आणि शक्यतो दाणावैरणीच्या वेळी जा. तेव्हा तबेला जसा आहे तसाच दिसतो. मी या गोष्टी बघते:

पाणी. प्रत्येक घोड्यासमोर स्वच्छ पाणी आहे का? साधारण घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बादलीच्या तळाला शेवाळ असेल तर समजून जा.

पाठ आणि तंगाची जागा. खोगीर काढल्यावर पाठीवर ओल्या जखमा दिसतात का? पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी खोगीर घासलेलं असू शकतं. घोडा जुना असेल तर ते ठिपकेही जुने असतील, म्हणून सरळ विचारा. चांगला माणूस न चिडता उत्तर देतो.

खूर. नाल सैल नाही ना, खुराच्या कडा फुटलेल्या नाहीत ना? खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे नाल ठोकणारा नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा. "नालबंद शेवटी कधी आला होता?" या एका प्रश्नावरून क्लबाची बरीच ओळख होते.

माणसं. साईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, घोड्याशी बोलतात का, की नुसते ओढतात? घोडे त्यांना बघून पुढे येतात की कोपऱ्यात सरकतात?

नागपुरात लग्नसराईत वरातीचे घोडे भाड्याने मिळतात. तेच घोडे कुणी "रायडिंग शिकवतो" म्हणून देऊ करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. वरातीचा घोडा बँडच्या आवाजात हळूहळू चालायला शिकवलेला असतो. नवशिक्याच्या डळमळत्या मांडीखाली, मोकळ्या मैदानात तो काय करेल याचा भरवसा नसतो, आणि त्याच्यावरही तो अन्याय असतो.

३. काय ठरलं ते लिहून घ्या

माझी पहिली चूक इथेच झाली. एका ठिकाणी मी मार्चमध्ये तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. एप्रिलच्या शेवटी ऊन वाढलं म्हणून वर्ग बंद झाले. उरलेले पैसेही मिळाले नाहीत आणि पुढच्या तारखाही. त्यांची बाजू लंगडी होती, पण मी काहीच लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही.

म्हणून पैसे किंवा शब्द देण्याआधी हे विचारा आणि उत्तर कागदावर नाहीतर निदान व्हॉट्सॲपवर घ्या:

फी दर वर्गाची की महिन्याची? उन्हामुळे, पावसामुळे किंवा घोडा आजारी पडल्यामुळे वर्ग बुडला तर तो भरून मिळतो का?

स्वयंसेवकाला आठवड्याला किती तास द्यायचे, आणि बदल्यात काय मिळणार: शिकवणी, सवलत की फक्त प्रमाणपत्र? "बसवू की कधीतरी" हे उत्तर समजू नका.

अपघात झाला तर विमा कुणाचा? स्वयंसेवक त्यात धरले आहेत का? बहुतेकांना हा प्रश्न सुचतच नाही, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्वाराच्या वजनाची मर्यादा काय? खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावा, असं साधारण धरलं जातं. चारशे किलोच्या घोड्याला ८० किलो ही वरची हद्द झाली. तुमचं वजन विचारणारा क्लब घोड्याची काळजी घेतो आहे. वाईट वाटून घेऊ नका.

४. कागदपत्रं

एका प्लॅस्टिकच्या फायलीत ठेवा: आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर, स्वतःच्या आरोग्य विम्याची प्रत. अठराच्या आतल्या मुलांसाठी वयाचा दाखला आणि आईवडिलांचं लेखी संमतीपत्र.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटी कधी घेतलं ते बघा, आठवत नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात आणि तबेल्यात बारीकसारीक खरचटणं रोजचंच आहे. पाठदुखी, मणक्याचा त्रास, दमा, फिट येणं, यातलं काही असेल तर लपवू नका. मला एका बाजूचं जरा कमी ऐकू येतं. मी सांगितलं तेव्हापासून शिकवणारे सर नेहमी माझ्या उजव्या हाताला उभे राहतात.

जोखीम स्वीकारल्याच्या फॉर्मवर सही मागतील. घरी नेऊन नीट वाचा, मगच सही करा.

५. कपडे आणि सामान

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. सायकलचं किंवा दुचाकीचं चालत नाही. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट हलता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं.

बूट घोटा झाकणारे आणि छोट्या टाचेचे हवेत. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार सरकतं, आणि पडताना पाय अडकणं हा सगळ्यात वाईट अपघात. चप्पल घालून तबेल्यात पाऊलही टाकू नका. पँट अंगाला बसणारी असावी. जीन्सच्या आतल्या शिवणीने मांड्या सोलतात, मी दोन आठवडे नीट बसू शकत नव्हते. ओढणी, लोंबती कानातली, अंगठ्या, सैल मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. केस बांधा. बाकी काही लगेच विकत घेऊ नका, स्वतःचं खोगीर तर अजिबात नाही.

६. पहिला महिना: जमिनीवर

हा भाग मी सगळ्यात सविस्तर लिहिते, कारण घाई इथेच होते.

जवळ कसं जायचं. घोड्याला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, पण शेपटीच्या सरळ मागे आणि कपाळाच्या अगदी समोर त्याला दिसत नाही. म्हणून तिरकं, खांद्याच्या दिशेने जा, आणि जाताना बोला. काय बोलता याने फरक पडत नाही, आवाज पोचला पाहिजे. पहिल्याच दिवशी मी हात थेट त्याच्या नाकावर नेला तेव्हा आमचे साईसकाका म्हणाले, "घाई करू नका जी. घोडा आधी वास घेते, मंग मानते. त्याले तुमची ओळख होऊ द्या." मी हाताची पाठ पुढे करून थांबले. त्याने दोनदा फुंकर सोडली, मान खाली घातली, आणि मग कुठे काकांनी मला मोहरकी, म्हणजे त्याच्या तोंडाला बांधलेला पट्टा आणि दोरी, हातात दिली.

दोरी. मोहरकीची दोरी कधीही, अगदी एक क्षणही, हाताला गुंडाळायची नाही. उरलेली दोरी आठच्या आकड्यासारखी घडी घालून मुठीत धरा. मी गुंडाळली होती. शेजारच्या पत्र्यावर माकडाने उडी मारली, घोडा दचकून मागे सरला आणि तळहाताची साल गेली. तो जोरात पळाला असता तर बोटं गेली असती. चालवताना त्याच्या डाव्या खांद्याशी चाला, पुढे जाऊन ओढू नका.

खरारा. रबरी खराऱ्याने मानेपासून मागे गोल गोल घासत जा, धूळ आणि सुटे केस वर येतात. मग ब्रशने केसांच्या दिशेने झाडा. तोंडावर आणि गुडघ्याखाली खरारा नको, तिथे कातडीखाली लगेच हाड असतं, मऊ ब्रशच वापरा. हे काम चाळीस मिनिटं चालतं, आणि या वेळात तुमचा हात घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. कुठे गरम लागतं, कुठे सूज आहे, कुठे हात लावला की तो कातडी थरथरवतो, सगळं कळतं. मला एकदा तंगाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ लागली. काकांना दाखवली आणि त्या दिवशी त्या घोड्यावर खोगीर चढलं नाही. मी अजून एकदाही स्वार झाले नव्हते, पण त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथली आहे.

खूर साफ करणं. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभ्या राहा. खांद्यावरून हात खाली सरकवत न्या, घोट्याच्या वर मागची शीर हलकेच दाबा, तो पाय उचलतो. खूर साफ करायच्या आकडीने टाचेकडून पुढे खरवडा. तळाशी रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा साफ करा, पण त्याला टोचू नका. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल या खाचांत घट्ट बसतो, मग काळं पाणी सुटतं आणि कुजका वास येतो. तसं झालं तर त्याच दिवशी सांगा.

खायला काय घालायचं. विचारल्याशिवाय काहीच नाही. गूळ, पोळी, सणाचं गोडधोड, काहीही नको. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचं किंवा अचानक बदललेलं खाणं पोटशुळावर जातं आणि त्यात घोडा दगावू शकतो. पोटाकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, पुन्हा पुन्हा लोळणं, लीद न टाकणं, दाण्याला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर पळत जाऊन सांगा. आपल्या मनाने औषध कधीही देऊ नका.

सुट्टीच्या दिवशी घोडे फिरवणं हेही स्वयंसेवकाचं काम. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? न फिरवल्यामुळे. दोन दिवस ठाणावर बांधून ठेवलेला घोडा तिसऱ्या दिवशी उधळतो, त्यात त्याचा दोष नसतो.

७. रिंगणात

इथे थोडक्यात लिहिते, कारण हे शिकवणाऱ्याकडूनच शिकायचं. चढायचं डाव्या बाजूने, शक्यतो ओट्यावरून, म्हणजे त्याच्या पाठीवर ओढ येत नाही. पहिले वर्ग लांब दोरीवर, गोल फेऱ्यांत व्हायला हवेत, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याच्या ताब्यात राहतो आणि तुम्ही फक्त मांड आणि तोल शिकता. पहिल्याच दिवशी लगाम हातात देऊन "चला" म्हणणारा शिक्षक नको. साध्या चालीवरून दुडकीवर यायला कुणाला चार वर्ग लागतात, कुणाला पंधरा. मला अकरा लागले.

८. नागपूरचा उन्हाळा

बाहेरची पुस्तकं आणि व्हिडिओ बघून हे कळत नाही, म्हणून वेगळं लिहिते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. २५ मेच्या सुमाराला नवतपा सुरू झाला की सकाळी आठलाच पत्र्याखाली उभं राहवत नाही. स्वारी उजाडताना सुरू आणि साडेसातच्या आत बंद. बऱ्याच दिवशी स्वारी नसतेच, तेव्हा "आज वर्ग नाही" म्हणून घरी बसू नका. तबेल्याला माणसांची सगळ्यात जास्त गरज याच दोन महिन्यांत असते.

काम काय? पाण्याच्या बादल्या दर दोन तासांनी बघणं, तापलेलं पाणी बदलणं, पडदे ओले ठेवणं, मिठाची वडी संपली नाही ना ते पाहणं. घोड्याला घाम भरपूर येतो आणि घामावाटे मीठ जातं.

तीन आकडे पाठ करा. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे मोजायला पशुवैद्य किंवा साईस यांच्याकडून शिकून घ्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच सपाट झाली तर ठीक, उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. नाकपुड्या फुगलेल्या, श्वास धापेसारखा, घाम यायचा थांबलेला, तापमान ४० च्या वर, असं दिसलं तर सावलीत घ्या, पशुवैद्यांना फोन लावा आणि अंगभर गार पाणी ओतत राहा. "गरम घोड्यावर गार पाणी टाकू नये" असं जुनी माणसं सांगतील. वाद घालत बसू नका, पण पाणी थांबवू नका. डॉक्टर येईपर्यंत तेच त्याला वाचवतं.

आपलंही बघा. डोक्याला रुमाल, खिशात कांदा ही आपली पद्धत आहेच, त्याबरोबर मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेवा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर हातातला घोडा आधी दुसऱ्याकडे द्या, मग बसा.

नव्याने सुरू करायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी या. थंडीचे चार महिने मिळतात, पाया पक्का होतो आणि उन्हाळा येईपर्यंत घोडे ओळखीचे झालेले असतात. दिवाळीत मात्र फटाक्यांच्या रात्री थांबायला कुणीतरी लागतं. मारबतीच्या दिवशीही, तबेला मिरवणुकीच्या वाटेजवळ असेल तर. तेव्हा आपणहून नाव द्या.

९. स्पर्धेच्या दिवशी हात वर करा

क्लबात स्पर्धा असली की पडलेले बांबू उचलायला, फाटकावर स्वारांचा क्रम सांगायला, वेळ नोंदवायला माणसं लागतात. उड्यांच्या स्पर्धेत बांबू पडला की चार दोष, म्हणजे चार उणे गुण, हे मैदानात उभं राहिल्यावर एका तासात डोक्यात बसतं.

पण मिळालं तर ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या चाली आणि वळणं दाखवायच्या स्पर्धेच्या, परीक्षकाशेजारी बसून गुण लिहिण्याचं काम घ्या. परीक्षक प्रत्येक हालचालीला ० ते १० पैकी गुण आणि एखादी टिप्पणी तोंडी सांगतात, तुम्ही लिहायचं. मी एका सकाळी चौदा स्वारांचे कागद लिहिले. "वळताना आतला खांदा पडला" हे वाक्य सहाव्यांदा लिहिताना मला तो खांदा दिसू लागला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं. त्या संघातली सुदीप्ती हजेला आपल्या शेजारच्या इंदूरची. त्यांच्या फेऱ्या आता मी पुन्हा लावते तेव्हा नुसतं सुंदर दिसत नाही, कशाला किती गुण गेले असतील तेही कळतं.

१०. पुढे काय काय करता येतं

कॉलेजात असाल तर एनसीसीत चौकशी करा. तिच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी, म्हणजे घोडे आणि पशुवैद्यकाच्या, शाखेत कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात. बारावीत जीवशास्त्र असलेल्या आणि घोड्याच्या आजारपणात जीव अडकणाऱ्या मुलांना मी पशुवैद्यक सुचवते. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच गावात आहे. हात चांगला असेल तर नालबंदी शिका, चांगल्या नालबंदाची वाट सगळे तबेले बघतात. आणि डिसेंबरच्या सुमाराला, दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते. विकत काही घ्यायचं नाही, फक्त बघायला जा. कानांची टोकं एकमेकांना टेकणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे एकाच ठिकाणी इतके बघायला क्वचितच मिळतात.

११. थांबायचं असेल तेव्हा

बदली होते, परीक्षा येते, घरी कुणी आजारी पडतं. तेव्हा गुपचूप येणं बंद करू नका. निदान दोन आठवडे आधी सांगा. तुमच्या वाटणीचा घोडा कोण बघणार ते ठरवून घ्या, आणि त्या माणसाबरोबर तीन-चार पहाटा एकत्र काम करा: कोणता पाय उचलायला तो कुरकुरतो, तंग किती छिद्रांवर बसतो, पाणी पिताना बादली कुठे ठेवलेली त्याला आवडते. हे कुठल्याच फॉर्मवर नसतं. माझ्या आधी तो घोडा बघणाऱ्या मुलीने मला ते एका शाळेच्या वहीत लिहून दिलं होतं. ती वही अजून दाण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे, आणि तिची शेवटची चार पानं आता माझ्या अक्षरात आहेत.